सरकारी कौशल्य प्रशिक्षण आणि बेरोजगारीचा दर: प्रशिक्षणाला गेल्यावर तुमची मोजणी कुठे होते?

थोडक्यात

- भारतात बेरोजगारीचा दर कोणत्याही नोंदणी यादीवरून काढत नाहीत. निवडक घरांना भेट देऊन, प्रश्न विचारून तो काढला जातो.
- सरकारी प्रशिक्षण सुरू केले म्हणून तुम्ही आपोआप 'रोजगारात' जात नाही आणि 'बेरोजगार' या गटातून आपोआप बाहेरही पडत नाही. प्रशिक्षण कोणत्या प्रकारचे आहे, त्यात मोबदला मिळतो का आणि त्या काळात तुम्ही काम शोधत होता का, यावर तुमचा गट ठरतो.
- प्रशिक्षणामुळे बेरोजगारीचा दर कमी दिसू शकतो, तसाच वाढूही शकतो. दर खाली आला म्हणजे तुम्हाला नोकरी मिळेलच असे नाही.
- प्रशिक्षणाचा खरा उपयोग कळण्यासाठी बेरोजगारीच्या दराबरोबर कामगार लोकसंख्या गुणोत्तर पाहा. आपल्या केंद्रातून शिकून गेलेल्यांचे पुढे काय झाले, हेही विचारा.

ही माहिती कशासाठी?

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, शिकाऊ उमेदवारी, प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना किंवा राज्याची एखादी योजना यांपैकी कशात तरी तुम्ही नाव नोंदवले असेल किंवा नोंदवण्याच्या विचारात असाल. अशा वेळी दोन शंका नेहमी येतात. 'मी प्रशिक्षणाला गेलो की सरकार मला नोकरी लागली असे धरते का?' आणि 'बेरोजगारी कमी झाली असे बातमीत सांगतात, मग आमच्या घरातला मुलगा अजून रिकामा कसा?'

दोन्ही शंकांचे उत्तर मोजणीच्या नियमांत आहे. प्रशिक्षणासाठी तुम्ही तीन महिने, सहा महिने किंवा वर्ष देता. त्या काळातली मजुरी सोडता, कधी गावही सोडता. म्हणून कोणत्या आकड्यावरून काय समजायचे आणि काय समजायचे नाही, हे आधी माहीत असलेले बरे.

दर कोण काढते आणि कसा?

भारत सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एप्रिल २०१७ पासून 'नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण' करते. बातम्यांमध्ये ते पीएलएफएस या नावाने येते. जानेवारी २०२५ पासून त्याची पद्धत बदलली असून आता देशाचा दर दर महिन्याला प्रसिद्ध होतो. पहिले मासिक आकडे मे २०२५ मध्ये आले. ते एप्रिल २०२५ चे होते आणि त्यात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांचा बेरोजगारीचा दर ५.१ टक्के होता.

नव्या पद्धतीत वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार घरे निवडली जातात. निवडलेल्या घराला चार महिन्यांत चार वेळा भेट देतात. प्रगणक घरातील प्रत्येकाबद्दल विचारतो: काम केले का, काम शोधले का, काम मिळाले असते तर केले असते का? या उत्तरांवरून १५ वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती तीनपैकी एका गटात जाते.

१. रोजगारात: पगारी नोकरी, रोजंदारी, स्वतःचा धंदा, शेती किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे.

२. बेरोजगार: काम नाही, पण काम शोधत आहेत किंवा काम करायला उपलब्ध आहेत.

३. श्रमबलाबाहेर: काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत. विद्यार्थी, फक्त घरकाम करणारे, निवृत्त आणि आजारपण किंवा अपंगत्वामुळे काम करू न शकणारे लोक यात येतात.

पहिले दोन गट मिळून 'श्रमबल' होते. बेरोजगारीचा दर काढताना बेरोजगारांच्या संख्येला श्रमबलाने भागतात, एकूण लोकसंख्येने नव्हे. तिसऱ्या गटातली माणसे या भागाकारात कुठेच येत नाहीत. प्रशिक्षणाचा आकड्यांवरचा बहुतेक परिणाम या एका गोष्टीतून होतो.

आठवड्याचा हिशोब आणि वर्षाचा हिशोब

सर्वेक्षणात दोन वेगवेगळे कालावधी वापरतात.

*चालू साप्ताहिक स्थिती:* भेटीच्या आधीचे सात दिवस पाहतात. त्यात कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले असेल, तर ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. काम केले नाही, पण एखाद्या दिवशी किमान एक तास काम शोधले किंवा कामासाठी उपलब्ध होती, तर ती बेरोजगार. मासिक दर याच पद्धतीचा असतो.

*नेहमीची स्थिती:* मागचे ३६५ दिवस पाहतात. वर्षातला जास्त काळ कशात गेला, यावर मुख्य स्थिती ठरते. मुख्य काम नसले तरी वर्षात ३० दिवस किंवा अधिक काम केले असेल, तर दुय्यम काम म्हणून ते धरले जाते. वार्षिक अहवालातला जो दर बातम्यांत जास्त वापरला जातो, तो या दोन्ही स्थिती मिळून असतो.

प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. समजा, एका तरुणाने वर्षात आठ महिने काम शोधले, तीन महिने शिवणयंत्र दुरुस्तीचा कोर्स केला आणि एक महिना तसाच गेला. कोर्सच्या आठवड्यात प्रगणक आला, तर साप्ताहिक हिशोबात तो श्रमबलाबाहेर जाऊ शकतो. वर्षाच्या हिशोबात मात्र जास्त काळ शोधात गेल्यामुळे तो बेरोजगारच राहतो. याच तरुणाने त्या वर्षी सुगीच्या दिवसांत ४० दिवस मजुरी केली असती, तर दुय्यम कामामुळे तो रोजगारात मोजला गेला असता. माणूस एकच असला तरी हिशोबाप्रमाणे त्याची मोजणी वेगळी होते.

तुमचे प्रशिक्षण कोणत्या गटात नेते?

*वर्गातले, बिनपगारी प्रशिक्षण.* प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा अल्प मुदतीचा कोर्स, दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचा निवासी कोर्स किंवा बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतला वर्ग हे शिक्षण आहे, काम नाही. जेवण, राहणे किंवा प्रवासखर्च मिळाला म्हणून ते काम ठरत नाही. त्या काळात तुम्ही काम शोधत नसाल आणि उपलब्धही नसाल, तर तुम्ही श्रमबलाबाहेर जाता. कोर्स करता करताच काम शोधत असाल किंवा मिळाले तर लगेच करायला तयार असाल, तर साप्ताहिक हिशोबात बेरोजगार राहता. संध्याकाळी दुकानात एखादा तास काम करत असाल, तर रोजगारात.

*विद्यावेतन मिळणारी शिकाऊ उमेदवारी.* शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली कारखान्यात किंवा आस्थापनेत शिकणाऱ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातील २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. सर्वेक्षणाच्या नियमानुसार मोबदला मिळणारा शिकाऊ उमेदवार 'नियमित पगारी' गटात, म्हणजे रोजगारात मोजला जातो. बिनपगारी शिकाऊ उमेदवार विद्यार्थ्यांत धरला जातो.

येथे एक विसंगती लक्षात ठेवा. याच अधिनियमाच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा 'प्रशिक्षणार्थी' आहे, 'कामगार' नाही. म्हणजे आकडेवारीत तुम्ही रोजगारात असता, पण कायद्याच्या दृष्टीने नोकरीत नसता. मुदत संपल्यावर कायम नोकरी मिळण्याचा हक्क आपोआप तयार होत नाही. शिकून झालेल्या उमेदवारांना घेण्याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचे असते. कामावर इजा झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र मालकावर असते.

*इंटर्नशिप आणि कार्य प्रशिक्षण.* ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत १२ महिन्यांची संधी देण्यात आली. त्यासाठी दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये ठरवण्यात आले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घेऊन प्रत्यक्ष काम करणारे शिकाऊ, इंटर्न आणि प्रशिक्षणार्थी रोजगारात मोजतात. ठरलेली मुदत संपली आणि पुढे काम मिळाले नाही, की हीच माणसे पुन्हा बेरोजगार या गटात येतात.

*आधीच काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण.* पूर्वीच्या कौशल्याला प्रमाणपत्र देणारी 'पूर्व-शिक्षण मान्यता' ही गवंडी, प्लंबर, शिंपी अशा काम करत असलेल्यांसाठी असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. हे लोक आधीपासून रोजगारात असतात. त्यांच्या प्रशिक्षणाने बेरोजगारीचा दर हलत नाही. फायदा झाला तर तो कमाईत दिसतो.

*घरकाम करणाऱ्या महिलांचे प्रशिक्षण.* शिवणकाम शिकून घरच्याच कपड्यांना टाके घालणारी महिला श्रमबलाबाहेर राहते. तीच महिला शेजारपाजारच्यांचे कपडे पैसे घेऊन शिवू लागली, की स्वयंरोजगारात मोजली जाते. शिकून काम शोधू लागली पण मिळाले नाही, तर ती बेरोजगारांत येते आणि त्यामुळे दर वाढतो.

शंभर माणसांचे उदाहरण

एका वस्तीत १५ वर्षांवरची १०० माणसे आहेत असे समजा. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

| स्थिती | रोजगारात | बेरोजगार | श्रमबलाबाहेर | बेरोजगारीचा दर | कामगार लोकसंख्या गुणोत्तर |
|---|---|---|---|---|---|
| १. सुरुवात | ५४ | ६ | ४० | १० टक्के | ५४ टक्के |
| २. तीन बेरोजगार बिनपगारी कोर्सला गेले | ५४ | ३ | ४३ | ५.३ टक्के | ५४ टक्के |
| ३. कोर्स संपला, दोघांना काम, एक शोधात | ५६ | ४ | ४० | ६.७ टक्के | ५६ टक्के |
| ४. कोर्सऐवजी तिघे पगारी शिकाऊ उमेदवार झाले | ५७ | ३ | ४० | ५ टक्के | ५७ टक्के |
| ५. सुरुवातीच्या स्थितीत दोन गृहिणी शिकून काम शोधू लागल्या | ५४ | ८ | ३८ | १२.९ टक्के | ५४ टक्के |

प्रत्येक ओळ नीट पाहा.

दुसऱ्या ओळीत दर जवळजवळ निम्मा झाला, पण काम एकालाही मिळाले नाही. तिघे फक्त भागाकारातून बाहेर गेले.

तिसऱ्या ओळीत दर ५.३ वरून ६.७ वर *वाढला*. प्रत्यक्षात मात्र दोघांच्या घरी पगार आला आहे. फक्त दर पाहणारा म्हणेल, परिस्थिती बिघडली. कामगार लोकसंख्या गुणोत्तर पाहणाऱ्याला ५४ वरून ५६ ही खरी सुधारणा दिसते.

चौथ्या ओळीत दर आणि गुणोत्तर दोन्ही सुधारलेले दिसतात. ही सुधारणा टिकेल का, ते उमेदवारीची मुदत संपल्यावर कळते. शिवाय मालकाने तीन जुने कामगार कमी करून त्यांच्या जागी तीन शिकाऊ घेतले असतील, तर एकूण आकडा पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. फक्त माणसे बदलतात.

पाचव्या ओळीत दर वाढला, तरी त्याला अपयश म्हणता येणार नाही. दोन महिला पहिल्यांदाच कामाच्या शोधात बाहेर पडल्या आहेत.

देशाच्या आकड्यावर किती परिणाम होतो?

'सरकार तरुणांना वर्गात बसवून बेरोजगारी कमी दाखवते' असे काही जण म्हणतात. 'प्रशिक्षणामुळेच देशातली बेरोजगारी घटली' असेही काही जण म्हणतात. दोन्ही विधाने साध्या हिशोबाने तपासता येतात.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. दहा वर्षांत तिच्यात दीड कोटीहून अधिक लोकांनी प्रशिक्षण घेतले, म्हणजे ढोबळ मानाने वर्षाला १५ लाख. प्रत्येकाचा कोर्स तीन महिन्यांचा धरला, तर एका वेळी वर्गात सरासरी पावणेचार लाख लोक असतात. देशाचे श्रमबल ५० कोटींहून मोठे आहे. वर्गात बसलेले सगळेच एरवी बेरोजगार असते असे धरले, तरी देशाच्या दरात एक दशांश टक्क्याइतकाही फरक पडत नाही. एका योजनेच्या वर्गांमुळे देशाचा दर लक्षात येण्याइतका खाली येत नाही. त्याच कारणाने, देशाचा दर खाली आला तर त्याचे श्रेय एका योजनेला देता येत नाही.

परिणाम दिसायचा तर तो लहान गटांत दिसतो. १५ ते २९ वयोगटातले तरुण किंवा एखाद्या राज्यातले नुकतेच पदवीधर झालेले उमेदवार यांची संख्या मुळात कमी असते आणि प्रशिक्षण घेणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात. अशा गटांचे आकडे वाचताना ते किती काळाचे आहेत आणि त्या काळात एखादी मोठी योजना सुरू झाली किंवा संपली का, ते पाहा.

वार्षिक आकडेही एकत्रच वाचावेत. नेहमीच्या स्थितीनुसार १५ वर्षांवरील लोकांचा बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. याच काळात श्रमबल सहभाग दर ४९.८ वरून ६०.१ टक्के आणि कामगार लोकसंख्या गुणोत्तर ४६.८ वरून ५८.२ टक्के झाले. म्हणजे दर कमी होण्याचे कारण लोक श्रमबलातून बाहेर गेले हे नव्हे. पण कामाचा प्रकारही पाहावा लागतो. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारातल्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्के झाला आणि नियमित पगारी लोकांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आला. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारेही रोजगारातच मोजले जातात. तुम्हाला पगारी नोकरी हवी असेल, तर नुसत्या बेरोजगारीच्या दरावरून तिची शक्यता कळत नाही. तरुणांचा दर वेगळा पाहा: १५ ते २९ वयोगटात २०२३-२४ मध्ये तो १०.२ टक्के, म्हणजे एकूण दराच्या तिपटीहून जास्त होता.

चार आकडे, चार अर्थ

पुढचे चार आकडे एकमेकांत मिसळू नका.

१. बेरोजगारीचा दर: घरोघरच्या सर्वेक्षणातून येतो. त्यात तुमचे नाव नसते.

२. सेवायोजन कार्यालयातील किंवा राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवरील नोंदणी: ही काम शोधणाऱ्यांची ऐच्छिक नोंद आहे. नोकरीत असलेले लोकही चांगल्या नोकरीसाठी नाव नोंदवतात आणि अनेक बेरोजगार नाव नोंदवतच नाहीत. तुमची नोंदणी चालू असो वा रद्द होवो, देशाचा दर बदलत नाही.

३. योजनेचे आकडे: नोंदणी केलेले, प्रशिक्षित, प्रमाणित आणि नोकरी लागलेले हे वेगवेगळे आकडे आहेत. 'प्रशिक्षित' म्हणजे 'नोकरी लागलेले' नव्हे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्प मुदतीच्या प्रशिक्षणानंतर मिळालेल्या नोकऱ्यांची नोंद ठेवली जात होती. चौथ्या टप्प्यात भर उमेदवाराला वेगवेगळे मार्ग निवडता येण्यावर आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत किमान ७० टक्के प्रशिक्षितांना नोकरी मिळवून देणे संस्थेकडून अपेक्षित असते.

४. भविष्य निर्वाह निधीची आकडेवारी: संघटित क्षेत्रात किती खाती वाढली, ते यात कळते. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील उमेदवार भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचारी धरले जात नाहीत. त्यामुळे सर्वेक्षणात रोजगारात असलेला शिकाऊ उमेदवार या आकडेवारीत दिसत नाही.

काही देशांत पद्धत वेगळी आहे. जर्मनीत रोजगार कार्यालयातील नोंदणीवरून बेरोजगारांची संख्या जाहीर होते आणि सरकारी प्रशिक्षणात असलेल्यांना कायद्यानेच त्या संख्येतून वगळतात. म्हणून तिथले कार्यालय प्रशिक्षणातल्या लोकांना धरून दुसरा, मोठा आकडाही जाहीर करते. भारतात अशी वगळण्याची यादी नाही. प्रत्येकाचा गट त्याच्या उत्तरावरून ठरतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रशिक्षणाला गेल्यावर माझे नाव बेरोजगारांच्या यादीतून काढतात का?*
बेरोजगारीचा दर ज्यावरून काढतात अशी नावांची यादीच नसते. तुमचे घर सर्वेक्षणात निवडले गेले, तरच तुमची माहिती त्यात जाते.

*प्रगणक आला तर 'शिकतो' सांगू की 'बेरोजगार' सांगू?*
जे खरे आहे तेच सांगा. मागच्या सात दिवसांत काही काम केले का, काम शोधले का, मिळाले असते तर केले असते का, विद्यावेतन मिळते का, हे वेगवेगळे सांगा. गट ठरवणे हे प्रगणकाचे काम आहे. घरचे कोणी तुमच्या वतीने उत्तर देणार असेल, तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. 'तो तर कोर्सला जातो' एवढेच सांगितले आणि तुम्ही कामही शोधत आहात हे राहिले, तर तुमची मोजणी चुकू शकते.

*खरे सांगितले तर माझा लाभ बंद होईल का?*
नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार अशी माहिती फक्त सांख्यिकी कामासाठी वापरायची असते. योजनेची पात्रता सर्वेक्षणावरून ठरत नाही. ती तुमच्या अर्जावरून आणि कागदपत्रांवरून ठरते.

*विद्यावेतन घेत असताना दुसऱ्या योजनेच्या अर्जात 'बेरोजगार' लिहू का?*
त्या योजनेच्या अटी वाचा. प्रत्येक योजनेची व्याख्या वेगळी असते आणि सर्वेक्षणाची व्याख्या तिथे लागू होत नाही. उदाहरणार्थ, प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत पूर्णवेळ नोकरीत किंवा पूर्णवेळ शिक्षणात असलेला उमेदवार पात्र नव्हता. शंका असेल तर चालू प्रशिक्षणाची माहिती लपवू नका.

*माझ्या तालुक्याचा बेरोजगारीचा दर कुठे मिळेल?*
हे नमुना सर्वेक्षण आहे. त्यातून देशाचे आणि राज्यांचे आकडे विश्वासाने काढता येतात. गावाचा किंवा तालुक्याचा दर म्हणून कोणी आकडा सांगितला, तर तो कशावरून काढला हे विचारा.

प्रशिक्षण निवडताना काय विचाराल?

देशाचा दर कितीही असला, तरी तुमच्या तीन महिन्यांचा हिशोब तुम्हालाच करायचा आहे. नाव नोंदवण्यापूर्वी केंद्रात हे प्रश्न विचारा:

- मागच्या तुकडीत किती जण होते, किती प्रमाणित झाले आणि किती जणांना काम लागले? तीनही आकडे वेगवेगळे विचारा.
- लागलेले काम पगारी आहे की स्वयंरोजगार? पगार किती? काम कुठे?
- सहा महिन्यांनंतर त्यांपैकी किती जण त्या कामावर टिकले?
- विद्यावेतन असेल तर किती, किती महिने आणि ते थेट बँक खात्यात येते का?
- ही शिकाऊ उमेदवारी असेल तर करारपत्र मिळेल का? मुदत संपल्यावर आस्थापना उमेदवारांना घेते का?
- मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का?

उत्तरे तोंडी मिळाली तरी वहीत लिहून ठेवा. प्रशिक्षण सुरू झाल्यावर हजेरी, करारपत्र, विद्यावेतन जमा झाल्याच्या नोंदी आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. विद्यावेतन अडकले किंवा सांगितलेली नोकरी दिली नाही, तर आधी केंद्राकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही, तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर किंवा राज्याच्या कौशल्य विकास विभागाकडे जा.

प्रशिक्षण संपल्यावर काम लागले नाही, तर राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर आणि जवळच्या सेवायोजन कार्यालयात नवीन प्रमाणपत्रासह नोंदणी अद्ययावत करा आणि काम शोधणे चालू ठेवा. त्या काळात प्रगणक घरी आला, तर तुम्ही शोधात आहात हे स्पष्ट सांगा. शिकूनही काम न मिळालेला माणूस 'बेरोजगार' या गटात मोजला गेला, तरच प्रशिक्षण आणि नोकरी यांच्यातले अंतर आकड्यांत दिसते.